जीभ वर करा, सर

३ फेब्रुवारी

आजपासून मी मानसोपचार विभागात. चौदा वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली. प्लास्टर, वजनं, ड्रेसिंग, सगळं डोळे मिटून करीन. सकाळच्या चहाच्या आत वीस इंजेक्शनं देऊन मोकळी व्हायचे, आणि माझी सुई टोचल्याचं कळतसुद्धा नाही असं पेशंटच सांगायचे. उगाच कशाला नम्रता, मी चांगली नर्स आहे.

मग तिथून निघाले का, असं सगळे विचारतात. गेल्या वर्षी एक बाई मांडी मोडून आली होती. जिन्यावरून पाय घसरला म्हणाली. हाड सुरेख जुळलं, तिला चालवत दारापर्यंत मीच सोडलं. दीड महिन्यात पुन्हा आली, पुन्हा जिनाच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आम्ही सगळ्यांनी तिचा पाय बघितला आणि ती कशी पडली हे एकानंही धड विचारलं नाही. मी विचारलं, तर ती रडायला लागली, आणि पुढे काय बोलायचं हे मलाच कळेना. मी अर्ज केला तो त्या आठवड्यात.

सहा महिने उमेदवारी. आठवड्यातून तीन दिवस तास, बाकी वॉर्ड. ऑगस्टमध्ये तीन जणांची समिती ठरवणार की मला इथे कायम ठेवायचं की परत हाडांकडे पाठवायचं. परत जायचं म्हणजे सगळ्या इस्पितळापुढे नाक कापून जायचं. मी जाणार नाही.

सासूबाईंनी शेजारच्या काकूंना सांगितलं की सुनेची बदली डोक्याच्या विभागात झाली. काकूंना वाटलं बढती झाली. सासूबाईंनी तो समज तसाच राहू दिला.

५ फेब्रुवारी

तिसऱ्याच दिवशी बोलणी खाल्ली. एक तरुण मुलगी पलंगावर बसून ब्लाऊजचं एक बटण लावत होती. लावते आणि थांबते, पुन्हा लावते आणि थांबते. मला बघवेना. मी जाऊन चारही बटणं फटाफट लावली आणि वर केसही विंचरून दिले. इनचार्ज सिस्टर दारातून बघत होत्या. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणतात. अंगानं माझ्या निम्म्या आहेत. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "तिला त्या बटणांना वीस मिनिटं लागली असती. ती वीस मिनिटं हेच तिचं आजचं औषध होतं. तुम्ही ते काढून घेतलंत."

उद्यापासून हात मागे बांधून फिरायचं असा हुकूम आहे. चौदा वर्षं हातांवर पोट भरलं, आता हातच नकोत म्हणे.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं खोदून खोदून विचारलं. त्यांना माझं काय चुकलं हे ऐकायची भारी हौस. मुलीचं नावगाव न सांगता सांगितलं. मग दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं, की मग ती मुलगी उद्या बटणं लावेल का. त्यांना काय करायचंय?

११ फेब्रुवारी

आज माझा दिवस. औषधांची फेरी माझ्याकडे आली.

इथे गोळी हातात देऊन भागत नाही. पेशंट रांगेत येतो, समोर गिळतो, मग म्हणायचं, "तोंड उघडा, जीभ वर करा, गाल दाखवा." ज्याला बरं व्हायचंच नाही, किंवा ज्याला वाटतं की गोळीत विष आहे, तो ती कुठेही दडवतो. किराणा दुकानवाल्या पेशंटनं वरच्या हिरडीला चिकटवून ठेवली होती. मोठ्या सिस्टरांच्या तीन जुन्या नर्सेसना तो आठवडाभर हुलकावणी देत होता. मी पहिल्याच फटक्यात पकडला. दुकानदार म्हणाला, सिस्टर, तुम्ही फौजदार व्हायला हव्या होतात. दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डात माझं नाव फौजदारीण पडलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं जुन्यांना वाटलं असेल तर वाटू दे.

२ मार्च

आज सर आले. पेशंट म्हणून.

आठवीत गणिताला होते, नंतर मुख्याध्यापक झाले. मी नववीत असताना माझ्या वडिलांनी माझी शाळा सोडवायचं ठरवलं होतं. सर घरी आले, उंबऱ्यातच उभे राहिले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. एवढंच म्हणाले की हिला घरी बसवलीत तर मी रोज येऊन असाच उभा राहीन. तिसऱ्या दिवशी वडिलांनी हात जोडले. मी आज नर्स आहे ती त्या तीन दिवसांमुळे.

आता केस पांढरे, दाढी वाढलेली, शर्ट सैल झालेला. दीड वर्षापूर्वी पत्नी गेल्या. मुलीनं आणलं. त्यांनी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला होता, मुलीनं वेळेवर दार उघडलं. मला त्यांनी ओळखलं नाही. कसं ओळखणार, तेव्हा दोन वेण्या होत्या आणि आता वजन दुप्पट.

नियम असा आहे की पेशंट ओळखीचा निघाला तर लगेच इनचार्जना सांगायचं. सांगितलं तर मला दुसऱ्या खोल्या देतील. आणि सरांची सेवा करायची संधी दुसऱ्या कुणाला कशाला देऊ? माझ्याइतकं त्यांना कोण जपणार? सांगितलं नाही.

४ मार्च

संध्याकाळची फेरी. सर रांगेत शेवटी उभे होते, इतरांना पुढे जाऊ देत होते. गोळी घेतली, वर ग्लासभर पाणी प्यायले, रुमालानं तोंड पुसलं. माझ्या तोंडाशी शब्द आले, तोंड उघडा, आणि तिथेच अडकले. ज्या माणसापुढे मी फळ्याशी थरथरत उभी राहायचे, त्याला लहान मुलासारखं जीभ दाखवा म्हणू? मला वाटलं माझीच जीभ झडेल.

"घेतलीत ना, सर?" मी विचारलं.

"घेतली, बाळ," ते म्हणाले.

सगळ्या नर्सेसना ते बाळ म्हणतात. सर आयुष्यात खोटं बोलले नसतील. तपासल्याच्या रकान्यात मी खूण केली.

१३ मार्च

आदर्श पेशंट कसा असावा ते सरांकडे बघून शिकावं. कुरकुर नाही, हुज्जत नाही, माझी फेरी असली की आपणहून येऊन उभे राहतात. परवा दुसऱ्या नर्सची फेरी होती, तर पोटात दुखतंय म्हणून गोळी नको म्हणाले. माझ्यावर विश्वास आहे, दुसरं काय.

झाडलोट करणाऱ्या मावशी आज मला म्हणाल्या, "सिस्टर, तुमचे सर पाणी लई पितात, पण गोळीच्या घोटाला कंठ हलत नाही बघा त्यांचा." मावशींना शंका फार. मागे एकदा डॉक्टरांच्या डब्यावरही शंका घेतली होती. मी म्हटलं, मावशी, ती फार मोठी माणसं आहेत. त्या बरं म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

२० मार्च

आज वॉर्डात सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि करायलाच हवं. सर पार बदललेत. सकाळी दाढी केली, दुकानदाराशी हसून बोलले. त्यांचा बुद्धिबळाचा पट होता, तो दुकानदाराला देऊन टाकला, आता ठेव तुझ्याकडेच म्हणाले. लोकरीची टोपी मावशींना दिली. मला त्यांचं शाईचं पेन दिलं. पेशंटकडून काही घ्यायचं नसतं हे मला माहीत आहे, पण गुरूनं दिलेलं नाही म्हणू का? हे वाक्य त्याच पेनानं लिहितेय. निब काय सुरेख चालतंय.

डॉक्टरही खूश. रविवारी मुलगी एका दिवसासाठी घरी नेणार आहे. मी घरी आल्या आल्या सांगितलं की माझा पेशंट सुधारला. सासूबाई म्हणाल्या, एकदम? मी म्हटलं, हो, एकदम. कुणाचं चांगलं झालेलं यांना पटकन पचत नाही.

२२ मार्च, शनिवार

आज घरचंच बॉलपेन घेतलंय.

आज एक वाजता तास होता. मोठ्या सिस्टर शिकवत होत्या की खूप खचलेला पेशंट अचानक शांत, आनंदी झाला तर खूश होऊ नका, जवळ जा. कधीकधी त्याचं जायचं ठरलेलं असतं आणि म्हणून त्याला हलकं वाटत असतं. तो निरोप घेत असतो. आवडत्या वस्तू वाटून टाकतो. मी हे सगळं भराभर उतरवून घेत होते. "वस्तू वाटून टाकतो" असं लिहिलं आणि माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं.

पुढचं मला ऐकू आलं नाही. उठून चालायलाच लागले. दोनची औषधांची फेरी माझीच होती. रांग लागलेली, सर शेवटी. एकेकाला गोळी देत गेले, एकेकाचं तोंड बघत गेले. सर आले. गोळी, पाणी, रुमाल.

"तोंड उघडा, सर."

"घेतली, बाळ."

"जीभ वर करा, सर."

गोळी घेऊन झालेला दुकानदार तिथेच होता, मावशी होत्या, सगळे बघत होते. सरांनी माझ्याकडे बघितलं. गणित चुकलं की फळ्यासमोर बघायचे तसंच. मी डोळे खाली केले नाहीत. मग त्यांनी तोंड उघडलं. जिभेखाली गोळी होती, पांढरी.

बाकीच्या कुठे आहेत विचारलं. ते मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले आणि चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं. आतल्या मखमलीखाली एकोणीस गोळ्या होत्या. उद्या घरी न्यायच्या पिशवीत कपडे नीट घड्या करून ठेवलेले होते.

मग ते बोलले. "पहिल्या बाकावर बसायचीस. प्रश्न पुरा व्हायच्या आधी तुझा हात वर. पहिल्याच दिवशी ओळखलं मी तुला. म्हणून तर तुझ्याच रांगेला उभा राहायचो."

मला वाटलं कुणीतरी थोबाडीत दिली. वर ते म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. तुझी नोकरी जाईल. मीही बोलणार नाही. उद्याची रजा मी आपणहून नको म्हणतो, मग तर झालं?"

मावशींना त्यांच्याजवळ बसवलं आणि मी औषधं ठेवायच्या खोलीत गेले. तिथे पाचएक मिनिटं उभी होते. इथे खरं लिहिते, कारण ही वही कुणी वाचणार नाही. मी त्या गोळ्या बेसिनमध्ये टाकायचा विचार केला. आजची गोळी पकडली हे सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यात माझं कौतुकच झालं असतं. आधीच्या एकोणिसांचं मला आणि सरांनाच माहीत होतं. गोळ्या ओतायला हातसुद्धा पुढे केला. मग डोक्यात आलं की सर किती दिवस आधीपासून हा बेत रचत होते, आणि त्यांना औषध पोचलेलंच नाही हे डॉक्टरांना कळलं नाही तर ते नव्यानं काय ठरवणार?

मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर चष्म्याचं घर ठेवलं, वर पेन ठेवलं, कागद मागितला आणि उभ्यानंच लिहिलं. ओळख होती, सांगितली नाही. अठरा दिवस तपासलं नाही. खुणा खोट्या केल्या. भेट घेतली. मावशींनी सावध केलं होतं, मी ऐकलं नाही. खाली सही.

२३ मार्च

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तू तर त्यांचा जीव वाचवलास, मग स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतलास? झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्यांचं चूक नाही, माझ्या काळजीनंच बोलतात. पण मला रडू आलं.

सासूबाई पोळ्या करत होत्या. मला वाटलं आता सुरू होतील. त्यांनी तवा खाली उतरवला आणि विचारलं, "तो माणूस जिवंत आहे ना?" आहे म्हटलं. "मग आधी जेव," म्हणाल्या. माझ्या ताटात वाढताना वर आणखी म्हणाल्या की कागद लिहिलास ते बरं केलंस. मला नवलच वाटलं. बहुतेक त्यांना नीट समजलं नसावं.

२८ मार्च

औषधांची फेरी माझ्याकडून काढून घेतली. कागद समितीकडे जाणार. मोठ्या सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या की तपासायला संकोच वाटला हे मी समजू शकते, पण संकोच वाटतो हे मला येऊन का सांगितलं नाहीत? मला सगळं येतं असं मला वाटत होतं, हे उत्तर होतं, ते इथे लिहितेय.

मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, टोपी परत केली मी त्यांची, मला आधीच मोठी होत होती.

मी विचारलं की आता सरांच्या खोलीकडे मी जायचं नाही ना. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, उलट. डॉक्टरांशी बोलणं झालंय. रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसायचं. ते बोलले तर ऐकायचं, नाही बोलले तर नुसतं बसायचं. आणि उशी नीट करायची नाही.

९ एप्रिल

दहा दिवस सर भिंतीकडे तोंड करून आहेत. मी खुर्चीवर, हात मांडीवर. अर्धा तास म्हणजे किती मोठा असतो हे हाडांच्या वॉर्डात कधी कळलं नव्हतं. चादर खाली लोंबत होती, ती वर घ्यायला हात शिवशिवत होते. घेतली नाही.

आज भिंतीकडे बघतच म्हणाले, "चारचौघांत जीभ वर करायला लावलीस."

"हो," म्हटलं.

"तुला लाज नाही वाटली?"

"वाटली. अजून वाटते."

पूर्वीची मी असते तर लगेच समजूत घातली असती, सर तुमच्याच भल्यासाठी वगैरे. एवढंच बोलले आणि थांबले. पुढची वीस मिनिटं दोघंही गप्प. निघताना त्यांनी मान वळवली नाही. तरीसुद्धा आज मी चांगलं काम केलं असं मला का वाटतंय कुणास ठाऊक.

२ मे

आज सर म्हणाले, इथला चहा पांचट असतो.

मी अक्षरशः धावत मोठ्या सिस्टरांकडे गेले. तीन महिन्यांपूर्वी कुणी असं धावत आलं असतं तर मीच तिला मानसोपचारात भरती केलं असतं. पण औषध पोटात जायला लागून सहा आठवडे होत आलेत, आणि या माणसाला पहिल्यांदा काहीतरी हवंय. चांगला चहा हवाय. मोठ्या सिस्टरांनी वहीत तारीख घालून लिहून घेतलं आणि पहिल्यांदाच मला बसा म्हणाल्या.

घरी सांगितलं तर सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. चहावरून रडण्यासारखं काय आहे? वय झालं की असं होतं.

१४ जून

सर घरी गेले. मुलगी न्यायला आली होती, घाईघाईनं गोळ्यांचं वेळापत्रक दोनदा विचारून घेतलं तिनं. ती औषधं आणायला खिडकीशी गेली तेव्हा सर आणि मी बाकावर बसलो होतो.

म्हणाले, "तू माझा मान राखलास, आणि त्यात मी मरणार होतो. मग सगळ्यांसमोर मान घालवलास, म्हणून इथे बसलोय. हे गणित मला आधी सुटत नव्हतं."

"आता सुटलं?"

"पायऱ्या कळल्या. उत्तर अजून रोज तपासावं लागतं. काही सकाळी चुकतं."

पूर्ण बरे झालेत असं मी म्हणणार नाही, ते स्वतःही म्हणत नाहीत. दर पंधरवड्याला यायचंय. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, आशीर्वाद दिला नाही. मुलीच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट मात्र स्वतः मागून घेतलं आणि त्यावरचं सगळं वाचलं. मी बाकावर बसून राहिले आणि पोटभर रडले. आनंदानंच.

४ ऑगस्ट

समिती. तीन खुर्च्या, समोर मी. मोठ्या सिस्टर बाजूला. सहा महिन्यांचे माझे सगळे शेरे वाचले, पहिले दोन महिने सोडले तर बरे आहेत. मग अध्यक्ष डॉक्टरांनी माझा मार्चमधला कागद काढून मोठ्यानं वाचला. मी तपासलं नाही. मी सांगितलं नाही. मी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचं अक्षर ऐकणं फार अवघड असतं. मी खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं नाही.

त्यांनी विचारलं, "अशी चूक पुन्हा होणार नाही, याची खात्री देता?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. सवयीनं हात वर करणारी मीच ना. पण थांबले. म्हटलं, "ही होणार नाही. दुसरी एखादी होईल. ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही, माझ्याकडूनच कळेल, एवढी खात्री देते."

मला बाहेर बसवलं. पाऊण तास. हाडांच्या वॉर्डातली माझी जुनी जागा अजून रिकामी आहे हे मला ठाऊक होतं आणि ते सारखं आठवत होतं. मग मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, तुम्हाला ठेवलंय. सोमवारपासून औषधांची फेरी तुमची.

मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. त्या निघाल्या आणि परत वळल्या. म्हणाल्या, आणखी एक विचारायचंय. नव्या येणाऱ्या नर्सेसना पहिल्याच तासाला तुमचा तो कागद वाचायला द्यावा असं समितीचं मत आहे. पेशंटची सगळी ओळख त्यातून काढू. तुमचं नावही काढतो, अर्थात. दरवर्षी नवी तुकडी येते, उगाच सगळ्यांच्या तोंडी तुमची चूक कशाला?

मी क्षणभर विचार केला. दरवर्षी वीस-पंचवीस मुली तो कागद वाचणार. त्यातल्या एखादीच्या रांगेत कधीतरी तिचे सर उभे असतील, किंवा तिच्या मामी, किंवा इस्पितळाचे मोठे साहेब. तिच्याही तोंडाशी शब्द अडकतील. तेव्हा हे कुणाच्या बाबतीत झालं आणि ती बाई पुढे कुठे गेली, असं तिच्या मनात येईल. तिनं यावं आणि मला विचारावं. मी वॉर्डातच असेन.

"नाव राहू द्या, सिस्टर," मी म्हटलं. "आणि खाली लिहा, ह्याच विभागात कामाला आहे."